पोटातलं दार

बोटीत दारातून शिरायचं नसतं. बोटीत वरून उतरतात. धक्क्यावरून फळी टाकायची, चपला हातात घ्यायच्या, कठड्याला हात लावून तोच हात कपाळाला लावायचा आणि मग आत. हे मला बाबांनी बहुतेक चालायला शिकवायच्या आधी शिकवलं असेल. म्हणून त्या शुक्रवारी दुपारी रेस्टॉरंटच्या काचेच्या दारासमोर माझे पाय अडले, तेव्हा वहिनींना वाटलं मी लाजतोय.

"अहो, या ना! संकोच कसला? आज तुम्ही आमचे पाहुणे," त्या म्हणाल्या.

वहिनी आणि साहेब मूळचे नाशिकचे, राहायला दोह्याच्या दुहैल भागात. साहेब रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनियर, मी तिथेच शटरिंगचा सुतार. सुट्टीच्या दिवसांत मी त्यांना सागवानाचं देवघर करून दिलं होतं, त्या आनंदात त्यांनी मला जेवायला आणलं. मॉलच्या बाहेर अख्खी बोट आणून ठेवलीय, तुम्ही कोकणातले, तुम्हाला आवडेलच, असं साहेब गाडीत सांगत होते. मी आपला नंदीबैलासारखा मान हलवत होतो.

दार बोटीच्या पोटात कापलेलं होतं, पाण्याच्या रेषेच्या हातभर खाली. कापलेल्या फळ्यांच्या कडा तशाच दिसत होत्या, वरून फक्त पॉलिश. दोन फळ्यांच्या सांध्यातून कापसाची एक शेंडी बाहेर आली होती, तेलाने पिवळी पडलेली. मी ती चिमटीत धरली. कापसाला उलटा पीळ होता. सांध्यात ठोकायच्या कापसाला सगळे सुतार उजवा पीळ देतात. मी डावखुरा आहे.

म्हणजे ती हीच होती. जिच्या पोटात काही वर्षांपूर्वी मी एक अख्खा हिवाळा काढला, तिच्या पोटात मी आता गिऱ्हाईक म्हणून शिरत होतो.

कतारमध्ये थंडी पडते, हे गावी कुणाला पटत नाही. वाळवंटात कसली रे थंडी, असं म्हणून हसतात. हसणाऱ्यांनी एकदा डिसेंबरात अल खोरच्या धक्क्याला बांधलेल्या लाकडी बोटीत झोपून बघावं. उत्तरेकडून शमाल सुटला की तो कानटोपीतून शिरायचा, स्वेटरमधून शिरायचा, मनात आलं तर दातांतून शिरायचा. बोट अर्धी बोट होती आणि अर्धं घर. डाव्या बाजूला प्लायवूडच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, कोच ठेवायला ओटे झाले होते. उजवी बाजू अजून उघडी, बोटीच्या बरगड्या दिसायच्या. मी आणि अनंतदादा त्या उघड्या बाजूला झोपायचो. प्लायवूडच्या बाजूला ऊब होती, पण तिथे झोप येत नसे. गोंदाचा वास डोक्यात चढायचा.

अनंतदादा आमच्या खाडीपलीकडच्या गावचा. वयाने बाराएक वर्षांनी मोठा, आखाती देशांत केस पांढरे केलेला, हातात कला असलेला माणूस. दोह्यातल्या मुंतझाच्या खोलीतून त्यानेच मला उचलून या कामावर आणलं. मालकाला बोट नटवून हवी होती आणि रात्रंदिवस राखणीला माणसंही हवी होती, म्हणून आम्ही दोघे आतच राहिलो. दादा आतलं नक्षीकाम करायचा. मी सांधे भरायचो. पोटाच्या फळीफळीतला जुना कुजका कापूस खरवडून काढायचा, नवा पिळायचा, माशाच्या तेलात बुडवायचा आणि बोथट छिन्नीने ठोकत ठोकत फटीत बसवायचा. ठक ठक ठक. सांधा भरला की आवाज बदलतो, घट्ट होतो. तो बदललेला आवाज ऐकणं यासारखं सुख मला पुढे कुठल्याच कामात मिळालं नाही.

आणि वास! तेलाचा, ओल्या सुताचा, रंध्याखालून निघालेल्या ताज्या सालींचा. बोटीने कधी काळी खजूर वाहिला असावा, कारण तळाच्या फळ्या उकरल्या की एक गोडसर, आंबूस वास यायचा. सकाळी दादा उकड्या तांदळाची पेज टाकायचा, मी सुकट भाजायचो. शेजारच्या बोटीवरचे केरळी खलाशी नाक दाबून हसायचे आणि थोड्या वेळाने वाटी घेऊन यायचे. धुकं असलं की धक्का दिसेनासा व्हायचा. मग फक्त दोरांचं कुरकुरणं आणि पोटाखाली पाण्याचं चुळुक चुळुक. त्या धुक्यात पेजेची वाटी दोन्ही हातांत धरून बसलं की वाटायचं, आपण निघालोच आहोत, फक्त अजून कुणी सांगितलेलं नाही.

रोज सकाळी बाबांचा फोन यायचा.

"पाणी मारलंस?"

हाच पहिला प्रश्न. जेवलास का, बरा आहेस का, हे नंतर. लाकडी बोटीला रोज पाणी मारावं लागतं. वरचा डेक, कठडा, पाण्याबाहेर राहणारी सगळी अंगं ओली ठेवावी लागतात. नाहीतर लाकूड सुकतं, आक्रसतं आणि सांधे उघडतात. आणि पाणी खारंच हवं. गोड्या पाण्याने लाकूड कुजतं.

"मारलंय, बाबा."

"खारा?"

"खाराच."

"शमाल आसा मां? मगे दोनदा मार. तिका तानेली ठेव नको."

बाबा तांडेल होते. आमची स्वतःची बोट होती, तिच्यावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. मग डोळे अधू झाले आणि मीही सुताराच्या हाताखाली गेलो, बोटीवर गेलो नाही. बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली, ती ठेवलीच. तिला पाणी मारायला कुणी राहिलं नाही. दोन उन्हाळ्यांत ती अशी सुकली की सांध्यांतून पलीकडचा समुद्र दिसायला लागला. शेवटी तिच्या फळ्या गेल्या. कुठे गेल्या ते मी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते ओट्यावर समुद्राकडे पाठ करून बसायचे. म्हातारा रुसलाय, असं गावातले लोक म्हणायचे. मला ठाऊक होतं, ते माझ्यावर रुसले होते.

म्हणून मी त्यांना या बोटीबद्दल सांगितलं, आणि ते पुन्हा समुद्राकडे तोंड वळवून बसले. फोनवर हे कसं कळतं, असं विचारू नका. कळतं. रोज बोटीचा एक फोटो पाठवायचा, असा त्यांनी नियमच घालून दिला. बहीण त्यांना फोन डोळ्यांजवळ धरून दाखवायची. नाळ दाखव, म्हणायचे. आमच्याकडे बोटीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. तिथे बोटीची देवी राहते, तिथे पाय लावायचा नाही. मी नाळेचा फोटो धुक्यात काढला, उन्हात काढला. संक्रांतीला पहिला तिळगूळ नाळेवर ठेवला, त्याचाही काढला.

"मार्चात हिका भायर काढूया," अनंतदादा म्हणायचा. "शमाल कमी झालो काय समुद्रात. मी सुकाणू धरतंय, तू नाळेकडे रव. बापाशीक व्हिडिओ धाड. म्हाताऱ्याक बरा वाटात."

हे तो एकदा म्हणाला असता तर मी विसरलो असतो. तो दर आठवड्याला म्हणायचा. करक चहाचा घोट घ्यायचा आणि म्हणायचा. मी बाबांना तसंच्या तसं सांगायचो. मार्चात, बाबा. मार्चात तुमी बघा.

आता मागे वळून बघताना माझंच मला हसू येतं, आणि रागही येतो. इंजिन कुठे होतं? जुनं काढून नेलं, नवं आलंच नाही. त्याऐवजी काय आलं? झुंबरं आली. फरशा आल्या. स्वयंपाकघरात बसवायचं धुरांडं आलं. मी विचारलं की दादा म्हणायचा, "मालकाचो शौक. इंजिन येतला, इन्शाल्ला." आणि मी, तांडेलाचा मुलगा, डोळ्यांवर कातडं ओढून पुन्हा छिन्नी उचलायचो.

सगळ्यात मोठा गाढवपणा पुढेच आहे. जानेवारीत एकदा पोटाच्या आतल्या बाजूला मला पेन्सिलीने आखलेला चौकोन दिसला. माणसापेक्षा उंच, दोन हात रुंद, अगदी काटकोनात. दादाची पेन्सिल मी ओळखतो.

"ह्या काय रे, दादा?"

"कपाट बसवचा आसा थंय," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, पण तो रंधा मारताना कधीच कुणाकडे बघत नसे.

कपाट लागलं की मागचा सांधा पुन्हा कुणाला दिसणार नाही, दुरुस्त करता येणार नाही. म्हणून मी त्या चौकोनातले सांधे दुप्पट जीव लावून भरले. जुना कापूस काढून दोनदा भरले. थंडीने बोटं वाकत नव्हती, तेलाचं भांडं दिव्याजवळ धरून पातळ करावं लागत होतं. तीन दिवस मी त्या चौकोनावर घातले. चौथ्या दिवशी दादा मागे येऊन उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बरा केलंस रे." त्याच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल. मी दिवसभर हवेत होतो.

फेब्रुवारी सरत आला तेव्हा एका सकाळी त्याने मला दोह्याला पाठवलं. "मुंतझातसून नारळ घेवन ये. शेंडी असलेलो बघ. बोट हलवच्या आधी फोडूक व्हयो." मला काय हवं होतं! चार दुकानं पालथी घातली. शेंडीचा, पाण्याने भरलेला, कानाशी हलवून पाहिलेला नारळ घेतला. परतताना बसमधून बाबांना फोन केला. आज नारळ आणला, म्हटलं. त्यांनी ते आधी बहिणीला ओरडून सांगितलं. मग म्हणाले, "पाणी मारलंस?"

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट हवेत होती.

क्रेनच्या पट्ट्यांत टांगलेली. पोटावरून समुद्राचं पाणी निथळत होतं, धार धरून. मी तिचं पोट बाहेरून पहिल्यांदाच पाहत होतो. एकही सांधा पाझरलेला नव्हता. तिला एका लांबलचक ट्रेलरवर उतरवलं, आणि ती टेकते न टेकते तोच एक माणूस करवत घेऊन पुढे झाला. त्याने आतल्या आखणीवरून बाहेर काढलेल्या खुणा पाहिल्या आणि तो कापायला लागला. कपाटाचा चौकोन.

अनंतदादा थर्मास घेऊन सावलीत उभा होता.

"दादा, ह्या काय चल्ला हा?"

"रेस्टॉरंट करतले हिचा. मॉलच्या भायर."

"पाण्यातला?"

"नाय. जमिनीवरला."

"तुका कधी कळला?"

त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतला, माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

"पयल्याच दिवशी," तो म्हणाला.

"आणि मार्चात समुद्रात जावया म्हणा होतंस? माझ्या बापाशीक सुद्धा?"

"तुका खरा सांगलं असतंय तर तुझो हात असो चललो असतो? जमिनीर ठेवच्या बोटीक कोण इतको जीव लावना नाय. मालकाक काम चोख व्हया होता." आणि मग हळूच, "माका पण व्हया होता रे. किती वर्सांनी असा काम बघलंय."

याला आमच्या भाषेत केसाने गळा कापणं म्हणतात. शत्रू सुरी वापरतो. केस आपल्या माणसाचाच असतो. त्या घटकेला मी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी झालं असतं. मी नुसता उभा राहिलो, नारळ हातात धरून. संध्याकाळी दादाने तोच नारळ फोडून बांगड्याचं तिखलं केलं. आणि मला सांगायला लाज वाटते, मी ते जेवलो. भूक लागली होती, आणि तिखलं चांगलं झालं होतं.

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. तो दुसऱ्या कामावर गेला, मी रास लफानला. मुंतझाच्या दुकानात दोन-तीनदा समोर आला. मी रांग बदलली.

पण बाबांना काय सांगायचं? आठ दिवस मी फोन टाळला. मग एका शुक्रवारी दोह्याच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर गेलो. तिथे संध्याकाळच्या फेरीच्या बोटी पर्यटकांना घेऊन निघतात. त्यातली एक आमच्या बोटीएवढी होती, रंगही तसाच. ती धक्क्यापासून सुटून पाण्यात शिरेपर्यंतचा व्हिडिओ काढला आणि पाठवून दिला. सुटली बाबा, असं खाली लिहिलं. दोन तासांनी त्यांचा फोन आला. "बरी चलता," ते म्हणाले. एवढंच. मला हायसं वाटलं. म्हाताऱ्याला फसवलं असं वाटलंच नाही, म्हाताऱ्याला सुख दिलं असं वाटलं. अनंतदादालाही माझ्याबद्दल असंच काहीसं वाटलं असेल का, हा विचार तेव्हा माझ्या डोक्याला शिवलाही नाही.

त्यानंतर बाबांनी मला "पाणी मारलंस?" असं कधीही विचारलं नाही. आता बोटीची काळजी घ्यायला दुसरी माणसं आहेत, म्हणून विचारत नसतील, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

वहिनींनी मधलं टेबल घेतलं. वर झुंबर लोंबत होतं, सगळीकडे ऊदाचा धूर. मी नाक लावून लावून माशाच्या तेलाचा वास शोधत होतो. एसीच्या कोरड्या वाऱ्यात काहीच उरलं नव्हतं. नाळेकडे फोटो काढायला जागा केली होती. एक जोडपं बूट घालून तिच्यावर पाय टेकून उभं होतं आणि एकजण त्यांना अजून थोडं वर, अजून थोडं वर, असं सांगत होता.

"काय सुंदर काम केलंय नाही?" साहेब म्हणाले. "जुन्या कारागिरांची गोष्टच वेगळी."

"हो," मी म्हणालो.

पायांखालच्या फळ्यांचे सांधे उघडले होते. कुठे सुईएवढे, कुठे अंगठा जाईल एवढे. वरून जाड, चकचकीत पॉलिश, आणि खाली काळोख. मला आमची जुनी बोट आठवली, फटींतून समुद्र दाखवणारी. या फटींतून तर समुद्रही दिसत नव्हता.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या वेळेला तो येतोच.

"जेवलंस?"

"जेवतंय."

"आवाज खूप येता रे. खंय आसस?"

खोटं जिभेवर तयार होतं. खोलीवर आहे, टीव्ही चालू आहे. पण पायांखाली ती फट होती आणि माझ्या बोटांना त्या उलट्या पिळाचा कापूस अजून लागलेला होता.

"बोटीर," मी म्हणालो. "त्याच बोटीर, बाबा. ती समुद्रात कधी गेलीच नाय. सिमेंटार ठेवल्यानी हा, दुकानांच्या समोर. मी धाडलेलो तो व्हिडिओ..."

"दुसऱ्या बोटीचो होतो," बाबा म्हणाले.

समोर साहेब मेन्यू वाचत होते. वहिनी विचारत होत्या, तुम्हाला मासे चालतील ना?

"तिची नाळ वेगळी होती," बाबा शांतपणे म्हणाले. "तू रोज फोटो धाडी होतंस. डोळे गेले म्हणान काय नाळ वळखाक येवची नाय?"

"मगे तुमी बोललात नाय कित्याक? इतकी वर्सां?"

"तू सांगशीत म्हणान वाट बघीत होतंय."

अनंतदादावर मी इतकी वर्षं जो राग जपून ठेवला होता, तो कुणावर काढायचा हेच कळेना. पलीकडे बाबा खोकले. ओट्यावर कोंबडी ओरडल्याचा आवाज आला.

"सांधे उघडले हत काय?" त्यांनी विचारलं.

"उघडले."

"पाणी मारलंस?"

"हंय खारा पाणी खंयचा, बाबा? बाटलीतला गोडा आसा."



"आता गोडाय चलात," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

मी टेबलावरची बाटली उघडली, खाली वाकलो आणि पायांजवळच्या सांध्यावर पाणी ओतलं, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसं शिकवलं होतं तसं. "अहो, काय झालं?" वहिनी म्हणाल्या. अर्धं पाणी पॉलिशवर तसंच उभं राहिलं, अर्धं फटीतून खाली गेलं. वेटर धावत आला, कोई बात नहीं सर म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून फळीन्‌फळी पुसून कोरडी केली. मी त्याला शुक्रन म्हटलं.